क्रेब्स चक्रात ऑक्सिजन लागतच नाही, मग तो नसला की ते थांबतं का?

अकरावी_ऐरोली: क्रेब्स म्हणजे पेशीत अन्न मोडून ऊर्जा काढतानाचं पायऱ्यांचं चक्र, त्याच्या एकाही पायरीवर ऑक्सिजन नाही. तो येतो थेट इलेक्ट्रॉन वहन साखळीच्या (अन्नातले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या रेणूंच्या) शेवटी. तरी पुस्तकात ‘ऑक्सिजन नसेल तर क्रेब्स बंद’. क्लासमध्ये विचारलं तर ‘तेवढं पाठ कर’ म्हणाले. मी पाठ करेन, पण मला ते कळायला हवंय.

चरईच्या बाई: अगदी योग्य जागी अडलीस गं. मी तीस वर्षं हे शिकवलं, हा प्रश्न फार थोड्या मुलांनी विचारला.

क्रेब्सला ऑक्सिजन नको, पण रिकामा एनएडी, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू हवा, आणि पेशीत तो मोजकाच असतो. अन्नातले इलेक्ट्रॉन उचलून तो एनएडीएच होतो, साखळीत ते उतरवतो आणि परत येतो. टोकाला ऑक्सिजनचा रेणू चार इलेक्ट्रॉन, चार प्रोटॉन घेऊन पाण्याचे दोन रेणू बनवतो. ऑक्सिजन नसला की साखळीतले वाहक अडतात: टोकाचे सायटोक्रोम भरलेले, मागे युबिक्विनोन भरलेला, त्यामागे एनएडीएच तुंबलेला. ठाणे स्टेशनात पुलावरून बाहेर पडायची वाट अडली की फलाटावरचा माणूसही हलत नाही, तसं. क्रेब्स थांबतं ते इथे. स्नायूत मात्र ग्लुकोज मोडून बनलेलं पायरुवेटच एनएडीएचकडून इलेक्ट्रॉन घेऊन लॅक्टेट होतं, एनएडी रिकामा होतो, म्हणून ग्लुकोज-विघटन चालू राहतं.

अकरावी_ऐरोली: हेच ना विनॉक्सिश्वसन, ऑक्सिजनविना श्वसन?

चरईच्या बाई: शाळेत तसंच म्हणतात, पण हे किण्वन. इथे साखळी वापरलीच जात नाही. काही जिवाणूंत साखळी चालते, फक्त टोकाला ऑक्सिजनऐवजी दुसरंच काही असतं. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटला इलेक्ट्रॉन देतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. एनएडीएचपासून ऑक्सिजनपर्यंत १.१४ व्होल्टचा उतार आहे, सल्फेटपर्यंत जेमतेम ०.१. म्हणून त्यांच्या हाती ऊर्जा फार थोडी लागते.

दिवा_कोळीवाडा: बाई, आम्ही चिंबोऱ्या काढतो तिथे चिखल वर तपकिरी, खाली काळाकुट्ट. पण बिळाच्या कडेला खोलवरही तपकिरीच. ते का?

चरईच्या बाई: दादा, किती नेमकं पाहिलंत! काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा. बिळातून हवा-पाणी आत गेलं की तिथलं लोह गंजतं, तो तपकिरी. आणि त्या गंजातल्या लोहालाही काही जिवाणू इलेक्ट्रॉन देतात. मुली, एकदा ओहोटीला दादांबरोबर जाऊन ते बीळ बघ.