प्रोबायोटिकने अंड्याचे वजन वाढते का?

प्रश्न (विटा, जि. सांगली):
आमच्या लेअर (अंडी देणाऱ्या) पक्ष्यांचे वय ३२ आठवडे असून अंड्याचे सरासरी वजन ४९ ग्रॅमवरच अडकले आहे. एप्रिलपासून दुपारी पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि रोजचे खाद्य ११० ग्रॅमवरून ९५ ग्रॅमवर आले आहे. आतड्यांसाठी प्रोबायोटिक (उपयुक्त जिवंत जिवाणूंचे पूरक) सुरू केल्यास अंडी मोठी होतील का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १:
अंड्याचा आकार मुख्यतः पक्ष्याची जात, वय, अंड्यावर येतानाचे वजन आणि पोटात जाणारे मेथिओनिन (प्रथिनांतील एक अमिनो आम्ल) व लिनोलेइक आम्ल (सोयातेलासारख्या तेलांतील एक मेदाम्ल) यांवर ठरतो. प्रोबायोटिकमुळे उपद्रवी जिवाणूंना आळा बसतो आणि खाल्लेले अंगी लागण्यास मदत होते, परंतु जे पक्ष्याने खाल्लेच नाही, त्याची भरपाई कोणतीही पुडी करू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यापुरते खाद्यातील मेथिओनिनचे प्रमाण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वाढवून घ्यावे, थोडे सोयातेल मिसळावे आणि पहाटेच्या गारव्यात खाद्य टाकावे.

उत्तर २:
विष्ठा पातळ असेल, तर प्रोबायोटिक अवश्य द्यावे. आमच्याकडे अंड्याचे वजन फारसे बदलले नाही, मात्र ट्रेमधील विष्ठेने डागाळलेली अंडी स्पष्टपणे कमी झाली. क्लोरीन घातलेल्या पाण्यातून ते देऊ नये, कारण त्यातील बरेच जिवंत जिवाणू टाकीतच मरतात.

प्रश्नकर्ता:
विष्ठा घट्टच आहे, त्यामुळे आधी खाद्याचे सूत्र बदलतो आणि दर सोमवारी १०० अंडी तोलून वजन इथे कळवतो.