एका खेळात दोन लीग: स्पर्धा की फाटाफूट?

बेसलाइन:
पिकलबॉल या पॅडलने खेळल्या जाणाऱ्या, टेनिससारख्या खेळात पीपीए, मेजर लीग पिकलबॉल (एमएलपी) आणि एपीपी अशा व्यावसायिक स्पर्धांच्या वेगवेगळ्या चुली मांडल्या गेल्या, हा चाहत्यांवर झालेला अन्याय आहे. खरा विजेता कोण, हे नव्या प्रेक्षकाला कळायला मार्गच उरला नाही. ज्यांना एकापेक्षा अधिक लीग हव्या आहेत, त्यांना खेळापेक्षा मालकांची भांडणे अधिक प्रिय आहेत.

किचनरेषा:
तुमचे शेवटचे वाक्य वाचून गप्प राहणे मला शक्य नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पीपीए आणि एमएलपी यांच्यात खेळाडूंसाठी चढाओढ लागली, तेव्हा करारांच्या रकमा काही आठवड्यांत भराभर वाढल्या. पुढे विलीनीकरण जाहीर झाले आणि त्याच खेळाडूंना सुमारे ४० टक्के कपात स्वीकारण्यास सांगण्यात आले. गिऱ्हाईक एकच उरले की भाव पडतो, हे अमेरिकन बास्केटबॉलपटू ऑस्कर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते, म्हणूनच एनबीए आणि एबीए या बास्केटबॉलच्या दोन प्रतिस्पर्धी लीगचे विलीनीकरण रोखण्यासाठी ते १९७० मध्ये न्यायालयात गेले. एबीएने रुजवलेली तीन गुणांची रेषा एनबीएने १९७९ मध्ये स्वीकारली, हेही विसरू नका.

बेसलाइन:
१९७६ मध्ये एबीएचे फक्त चार संघ एनबीएत गेले. बाकीच्या संघांवर जीव लावणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, हे आपण सोयीस्करपणे वगळले. अल्टिमेट फ्रिसबी या चकतीफेकीच्या सांघिक खेळात एमएलयू ही दुसरी लीग २०१३ मध्ये उतरली आणि २०१६ च्या हंगामानंतर बंद पडली. याउलट महिलांच्या आइस हॉकीत, वर्षानुवर्षांच्या दुफळीनंतर १ जानेवारी २०२४ रोजी पीडब्ल्यूएचएल ही एकच लीग सुरू झाली आणि त्याच एप्रिलमध्ये माँट्रियलच्या एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. प्रेक्षक एकत्र आले, कारण लीग एक झाली.

जुना शटलर:
लीग किती असाव्यात यापेक्षा त्या कोणता खेळ दाखवतात, हे महत्त्वाचे आहे. एमएलपीने प्रत्येक रॅलीला गुण देऊन आणि बरोबरी झाल्यास ड्रीमब्रेकर हा निर्णायक गेम ठेवून सामना वेळेत आटोपण्याची सोय केली. बॅडमिंटनने २००६ मध्ये हाच मार्ग धरला, तेव्हा आम्ही जुने खेळाडू चिडलो होतो, पण आज सर्व्हिसवरच गुण मिळण्याची पद्धत परत आणा, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा फटका:
मी म्हणतो, आणि ठामपणे म्हणतो. सर्व्हिस मिळवल्याशिवाय गुण नाही, या नियमामुळेच पिछाडीवरची जोडी शेवटपर्यंत जिवंत राहते. एका स्पर्धेत आम्ही २-१० असे मागे होतो आणि प्रतिस्पर्ध्यांना अखेरचा गुण मिळू न देता तो गेम जिंकलो. रॅली पद्धतीत तेवढ्या फरकाने मागे पडलेल्या जोडीला प्रत्येक चूक थेट गुण देऊन भरावी लागते. प्रक्षेपणाच्या वेळापत्रकासाठी खेळाचा कणा मोडायचा असेल, तर त्याला सुधारणा म्हणू नये.

जुना शटलर:
तुमचा तो गेम मोलाचा असेल, पण सर्व्हिस इकडून तिकडे जात असताना पाच-पाच मिनिटे गुणफलक हलत नाही, ते पाहायला नवा प्रेक्षक का थांबेल? कसलेल्या खेळाडूंच्या आठवणींवर लीग चालत नाहीत, आणि तुम्ही मला खेळाचा शत्रू ठरवण्याचे कारण नाही.

तिसरा फटका:
शत्रू मी म्हटले नाही, तो शब्द तुमचाच आहे. नवा प्रेक्षक हवा म्हणून आधीपासून खेळणाऱ्यांना परके करायचे, हा हिशेब मला अमान्य आहे. पिकलबॉल बघणारे बहुतेक जण स्वतः पॅडल हाती घेणारे आहेत. घरी एका पद्धतीने खेळायचे आणि पडद्यावर दुसरीच बघायची, हे त्यांनी का सोसावे?

किचनरेषा:
हा वाद होऊ शकला, कारण दोन पद्धती चालवणाऱ्या दोन संस्था होत्या; एकच लीग असती, तर मालकाने एक पद्धत निवडली असती आणि आपण निमूटपणे पाहत बसलो असतो. आइस हॉकीचे उदाहरण बिनतोड आहे, एवढे मी बेसलाइन यांना देतो. मात्र त्या खेळाडूंनी आपली संघटना उभी करून मानधनाचा सामूहिक करार केला होता, आणि पिकलबॉलमध्ये तसे संरक्षण नसताना एकाच दाराशी उभे राहायला सांगणे मला मान्य नाही.

बेसलाइन:
खेळाडूंची संघटना आधी हवी, हे मान्य. पण ती उभी राहीपर्यंत निदान या वेगवेगळ्या लीगनी तारखा एकमेकांवर आदळू देऊ नयेत आणि क्रमवारी एकच ठेवावी. एवढेही त्यांना जमत नसेल, तर चाहत्यांनी त्यांच्यासाठी तिकिटे का काढावीत, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.