मदत हवी आहे: फॉर्म कॅनव्हासवर नीट दिसतो, पण मोबाइलवर पानाबाहेर जातो आणि काही माहिती पोहोचतच नाही

नमस्कार. प्रशिक्षणवर्गाच्या नोंदणीसाठी एक पान मी ड्रॅग-अँड-ड्रॉप पद्धतीच्या, म्हणजे कॅनव्हास या मांडणीच्या पडद्यावर घटक ओढून ठेवण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये तयार करीत आहे. एचटीएमएल आणि सीएसएस (पानाची रचना आणि रूप सांगणाऱ्या भाषा) मला वाचता येते, सफाईने लिहिता येत नाही. ड्रीमवीव्हर या वेबपाने बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या लेआउट मोडमध्ये टेबल आणि सेल आखून पाने मांडायला मी शिकलो. तो मोड सीएस४ आवृत्तीत, म्हणजे २००८ साली, काढून टाकला गेला, पण चौकोन आखावा आणि त्यात मजकूर बसवावा ही हाताची सवय सुटलेली नाही. माझ्या अडचणीचे मूळ कदाचित तिथेच असावे.

सध्याची रचना अशी आहे: फॉर्म ब्लॉक, त्यात एक फील्डसेट (रकान्यांचा गट धरणारी चौकट) आणि फील्डसेटमध्ये दोन स्तंभांचा ग्रिड (जाळीची मांडणी). दोन्ही स्तंभांची रुंदी १एफआर (उपलब्ध जागेचा एक समान वाटा) ठेवली असून ६०० पिक्सेलच्या खाली एकच स्तंभ राहतो. नाव, ईमेल, दूरध्वनी, तुकडीचा ड्रॉपडाउन, वर्गाचे माध्यम निवडण्यासाठी दोन रेडिओ बटणे, शंकांसाठी मोठा रकाना आणि संमतीचा चेकबॉक्स अशा सात बाबी त्यात आहेत.

३६० पिक्सेलच्या प्रिव्ह्यूमध्ये पान आडवे सरकते. दोन्ही बाजूंचे १६-१६ पिक्सेलचे पॅडिंग वजा जाता फील्डसेट ३२८ पिक्सेलमध्ये मावायला हवा, परंतु तपासून पाहिल्यावर त्याची रुंदी ४१२ भरते. ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारा भाग लपवणे) लावून पाहिले. सरकणे थांबले, पण ड्रॉपडाउनचा बाणच कापला गेला, त्यामुळे तो बदल मागे घेतला.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. चाचणीसाठी फॉर्म भरून पाठवला की दूरध्वनी आणि शंका या दोन रकान्यांतील मजकूर येत नाही, आणि रेडिओ बटणे तर दोन्ही एकाच वेळी निवडता येतात. दूरध्वनी आणि शंका हे दोन रकाने मी दुसऱ्या पानावरून कॉपी करून आणले होते आणि ग्रिडमध्ये बसेनात म्हणून पोझिशन अॅब्सोल्यूट (मांडणीच्या ओघाबाहेर, ठरवलेल्या जागी) करून योग्य जागी ओढून ठेवले. शिवाय नावाच्या रकान्यात एंटर दाबले तर फॉर्म पाठवला जाण्याऐवजी ‘मागे’ या बटणाची क्रिया घडते. हे सर्व दोष एकाच कारणाचे आहेत की वेगवेगळे, आणि दुरुस्ती कोठून सुरू करावी, याविषयी मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद:

कारणे वेगवेगळी आहेत, परंतु आपला अंदाज बराचसा बरोबर आहे. कॅनव्हासवर एखादा रकाना फॉर्मच्या चौकटीत दिसणे आणि तो फॉर्मच्या आत असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कोणता घटक कशाच्या आत आहे ते दाखवणारे लेयर्स पॅनेल उघडून पाहा. कॉपी केलेले दोन्ही रकाने फॉर्म ब्लॉकखाली नसून त्याच्या शेजारी, बाहेरच्या सेक्शनमध्ये लटकलेले आढळतील. ते पॅनेलमध्येच ओढून ग्रिडच्या आत, हव्या त्या क्रमाने ठेवा आणि पोझिशन स्टॅटिक (नेहमीच्या ओघातली) करा. टॅब दाबल्यावर कर्सरही याच क्रमाने फिरतो, डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने नव्हे. त्यानंतर प्रत्येक रकान्याचे नेम, म्हणजे ज्या नावाखाली त्याचा मजकूर पाठवला जातो ते, भरलेले आहे का ते तपासा. आयडी (पानावरील घटकाची ओळख) असून नेम रिकामे असेल, तर ब्राउझर त्या रकान्याचा मजकूर पाठवीतच नाही. रेडिओ बटणांचे नेम मात्र दोघांचे एकच हवे, व्हॅल्यू (निवडल्यावर पाठवले जाणारे उत्तर) वेगळी. सॉफ्टवेअर बऱ्याचदा प्रत्येक नव्या बटणाला आपोआप वेगळे नेम देते आणि मग त्यांचा गट होत नाही.

एंटरच्या तक्रारीचे कारण असे, की फॉर्ममधील बटणाचा टाइप दिलेला नसेल तर ते सबमिट मानले जाते आणि एंटर दाबल्यावर क्रमाने पहिले येणारे सबमिट बटण दाबले जाते. ‘मागे’ हे बटण ‘पाठवा’च्या आधी असणार. त्याचा टाइप सबमिटऐवजी ‘बटण’ असा करा.

आता रुंदीविषयी. फील्डसेटला ब्राउझर मुळातच अशी किमान रुंदी देतो, की तो आतील मजकुरापेक्षा लहान होत नाही. आणि ड्रॉपडाउनची रुंदी ऑटो असेल तर ती त्यातील सर्वांत लांब पर्यायाइतकी होते. आपल्या तुकड्यांच्या नावांत वार, वेळ आणि पातळी सगळे लिहिलेले असेल, तर ४१२ चा उगम तोच. १एफआर स्तंभही त्याच कारणाने आक्रसत नाही. म्हणून फील्डसेटची किमान रुंदी शून्य करा, स्तंभाला १एफआरऐवजी मिनमॅक्स (०, १एफआर), म्हणजे किमान शून्य आणि कमाल १एफआर, द्या आणि ड्रॉपडाउनची कमाल रुंदी १०० टक्के ठेवा. यांतील एकच बदल करून प्रिव्ह्यू पाहिलात तर काहीच फरक पडला नाही असे वाटू शकेल, तेव्हा तिन्ही एकदम करा.

मूळ प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. दोन्ही रकाने खरोखरच फॉर्मच्या बाहेर होते. तिन्ही बदलांनंतर फील्डसेट बरोबर ३२८ पिक्सेलवर आला आणि एंटरही सुधारले. एकच शंका उरली आहे: संमतीच्या चेकबॉक्सचे नेम भरलेले असूनही काही नोंदींमध्ये तो येतो, काहींमध्ये त्याचा उल्लेखही नसतो.

प्रतिसाद:

तो दोष नाही. खूण न केलेला चेकबॉक्स ब्राउझर ‘नाही’ म्हणून पाठवीत नाही, मुळात पाठवीतच नाही. संमती अनिवार्य असेल तर प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये त्याला रिक्वायर्ड (भरल्याशिवाय फॉर्म न पाठवणारा) करा. ऐच्छिक असेल तर नोंद जिथे साठवता तिथे अनुल्लेखाचा अर्थ ‘नाही’ असा धरा.