दंडारीला, खडी गंमतीला सरकारी पैसा द्यावा का?

धानपट्टीचा मास्तर (लाखांदूर, भंडारा)

नमस्कार मंडळी. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी एक विषय मांडणार आहे. त्याआधी विरोध करणाऱ्यांचं ऐकून घ्यावं म्हणून हा धागा काढला.

विषय असा: गावातल्या दंडारीला (नाच-गाण्याचा लोकखेळ), खडी गंमतीला (तमाशासारखा उभ्यानं होणारा खेळ), भजनी मंडळाला सार्वजनिक पैशातून दरवर्षी ठरलेली रक्कम मिळावी. शाल-श्रीफळासाठी नको. शिकवणाऱ्या जुन्या माणसाचं मानधन, ढोलकीला नवं पान, तालमीच्या जागेचं वीजबिल, एवढ्यासाठी.

झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्याचं, नाव निघालं की आपण अभिमानानं सांगतो, आमची रंगभूमी सरकारच्या आधाराशिवाय उभी आहे. खरंच आहे ते. गडचिरोलीतल्या वडशाला नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची मंडळं तिथं जाऊन नाटक ठरवतात, शामियाना टाकतात, तिकीट लावतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. उरलेल्या पैशातून कुठं देवळाचं काम निघतं, कुठं शाळेचं. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा चारही जिल्ह्यांना आपल्याच घरी मिळाल्यासारखं वाटलं.

पण ही सगळी गोष्ट नाटकाची. दंडारीला तिकीट नसतं. भाऊबीज झाली की मंडई (गावची जत्रा) भरते, दिवसा दंडार होते, आणि ती सगळ्या गावाला फुकट. खडी गंमतीचा शाहीर उघड्यावर उभा राहून गण-गवळण गातो, वग लावतो, लोक खुशीनं देतील ते घेतो. माझ्या शाळेतल्या पोरांच्या आज्यांना-आजोबांना या गाण्यांची दोनदोनशे कडवी पाठ आहेत, पोरांना दोन ओळी येत नाहीत. जे तिकिटावर विकलं जात नाही ते जाऊ द्यायचं का, एवढाच माझा प्रश्न.

सरकार कलेवर खर्च करतंच. राज्य नाट्य स्पर्धा कित्येक दशकं सरकार भरवतं. मराठी चित्रपटाला दर्जा ठरवून लाखांत अनुदान मिळतं. मुंबईत प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे. साहित्य संमेलनाला सरकारची मदत असते, 2023 च्या वर्ध्याच्या संमेलनालाही होती. यातलं काहीही बंद करू नये. मात्र जिथं सभागृह आहे आणि नीट अर्ज लिहिणारा माणूस आहे तिथंच हा पैसा थांबतो. आमच्या गावात दोन्ही नाही.

कोरडवाहू (घाटंजी, यवतमाळ)

मास्तर, राग नका मानू जी. मी तुमच्या विरोधात आहे आणि मोकळं सांगतो.

आमच्याकडे कापूस. एक पाणी चुकलं की वर्ष गेलं. 2006 मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं, पश्चिम विदर्भाच्या अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं. एवढा पैसा येऊनही आत्महत्या थांबल्या नाहीत. ज्या घरचा माणूस गेला त्या घरी जाऊन मी कसं सांगू, की बाई, तुझ्या पोरीच्या शाळेला गणिताचा मास्तर नाही पण ढोलकीला पैसे मंजूर झाले?

सरकारचा पैसा म्हणजे शेवटी लोकांचा पैसा. तो दवाखान्याला, रस्त्याला, पाण्याला आधी. त्यातून उरला तर कलेला. आणि उरत कधीच नाही. गावाला दंडार हवी असेल तर गावानं वर्गणी करावी. आमच्या गावात भजनी मंडळ आहे, तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणतात. एक पैसा सरकारचा नाही. आजपर्यंत बंद पडलं नाही.

धानपट्टीचा मास्तर

भाऊ, तुमचं मंडळ टिकलं याचा आनंदच आहे. त्याच्या पाठीशी मोझरीचं गुरुकुंज आहे, गावोगावची गुरुदेव सेवा मंडळं आहेत, पुण्यतिथीला जमणारे लाखो लोक आहेत. दंडारीच्या पाठीशी असं कुणी नाही. तिला ना संस्था, ना गुरुपौर्णिमा.

गणिताच्या मास्तराचं म्हणाल, तर मीही त्याच शाळेत उभा आहे. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे, पण त्या वर्गांची पटसंख्या शंभरच्या वर असेल तरच. आमच्या तालुक्यात अशा शाळा किती निघतील? म्हणजे छोट्या गावातल्या पोराला चित्र, गाणं, नाटक शिकवणारा माणूस कायद्यानंच दिलेला नाही. दवाखाना आधी की कला आधी असा हिशेब फक्त खेड्यातल्या माणसासमोरच का ठेवला जातो? नागपुरात सभागृह बांधताना कुणी विचारत नाही.

पडदा_वडसा

मी कंपनी चालवतो. नाव इथं सांगत नाही. हंगामात माझ्याकडं नट, वादक, पडदेवाले, स्वयंपाकी, ड्रायव्हर मिळून चांगला मोठा गोतावळा असतो. मास्तरांबद्दल आदर ठेवून सांगतो, आम्हाला सरकारी पैसा नको आणि दंडारीलाही तो लागू नये.

कारण सांगतो. आमचा प्रेक्षक धान विकून आलेल्या पैशातून तिकीट काढतो. थंडीत चादर घेऊन बसतो. दुसऱ्या अंकात तो कंटाळला तर आम्हाला पहाटेच्या आत कळतं आणि पुढच्या गावी जाईपर्यंत आम्ही प्रवेश कापतो. माझ्या लेखकाचा परीक्षक तो आहे. उद्या अनुदान आलं की परीक्षक बदलेल. मग मी समितीला आवडेल असं नाटक करीन. व्यसनमुक्ती, स्वच्छता, योजनांची माहिती. मी अशी अनुदानावरची नाटकं पाहिली आहेत, पुढच्या दोन रांगांत पाहुणे आणि मागं खुर्च्या रिकाम्या.

आधीच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्यात पैसाही तिथूनच घ्यायचा म्हणजे मान पूर्ण त्यांच्या हातात दिली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शंकरपट (बैलांच्या शर्यती) बंद झाले. पटाच्या गर्दीवर आमची नाटकं लागायची, मोठा धक्का होता. तरी आम्ही मंडईच्या, उत्सवांच्या आधारानं उभे राहिलो. अनुदानाची सवय असती तर तेव्हाच झोपलो असतो.

दंडार बघायला गाव जमत असेल तर ती जगेल. जमत नसेल तर पैसे देऊन तुम्ही तिला किती वर्षं उभी ठेवाल?

बिनतिकिटाची (ब्रह्मपुरी)

पडदावाले दादा, तुम्ही मालक आहात. मी बावीस वर्षांची असल्यापासून रंगमंचावर आहे, आता चाळिशी ओलांडली. मालकाला दिसत नाही ते मी सांगते.

रंगभूमी टिकली, हे खरं. पण कुणाच्या जिवावर? हंगाम संपला की आम्ही घरी. आषाढात दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चालू हंगाम जागच्या जागी थांबला. कंपनीनं काही दिलं नाही, कंपनीकडं तरी कुठून येणार? प्रेक्षकांचं प्रेम खूप आहे, पण त्या प्रेमातून रेशन येत नाही, हे त्या वर्षी कळलं.

रात्रीचा प्रयोग करून पहाटे गाडीत बसायचं, ड्रायव्हरही जागलेला. बाईमाणसाला कपडे बदलायला आडोसा म्हणजे तट्ट्या आणि ताडपत्री. संडास नाही. तिकिटाच्या पैशातून हे होत नाही, कारण गावच्या मंडळाला त्यातून नफा काढायचा असतो आणि कंपनीलाही. मग हे करायचं कुणी?

सरकारची ज्येष्ठ कलावंतांची मानधन योजना आहे, आता महिन्याला 5000 मिळतात. चांगली आहे. पण पन्नाशी लागते. नायिकेचं काम बाईला किती वयापर्यंत मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मधली वर्षं कशी काढायची? शिवाय पुरावे मागतात, जाहिरातपत्रकं, कात्रणं, प्रमाणपत्रं. नाटकवाल्यांकडं निदान पोस्टर तरी असतं. माझा मामा जन्मभर दंडारीत नाचला, त्याच्याकडं एक कागद नाही. अख्ख्या गावानं त्याला पाहिलं, पण गावाचं पाहणं अर्जाला जोडता येत नाही.

हिशेबनीस (निवृत्त ग्रामसेवक)

मी नोकरीत असताना अशा कामांच्या फायली हाताळल्या. मास्तरांची भावना पटते, पण पैसा कसा चालतो ते समजून घ्या.

विदर्भातल्या बहुतेक गावांत सभामंडप आहे, सामाजिक सभागृह आहे, कुठं सिमेंटचा रंगमंचही आहे. आमदार निधी, जिल्हा नियोजन, असं कुठून कुठून आलेलं. बहुतेक ठिकाणी त्यात धान वाळतं किंवा लग्नाचा मांडव पडतो. कलेसाठी पैसा आला की त्याचं सिमेंट का होतं? कारण सिमेंट मोजता येतं. लांबी, रुंदी, उंची, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक तयार. तालमीची मोजमाप पुस्तिका कशी भरणार? महिनाभर म्हातारा शाहीर पोरांना शिकवत होता याची पावती कोणती? लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली ग्रामसेवकाच्या पगारातून. म्हणून कुणी हात घालत नाही. कलेबद्दल कुणाच्या मनात आकस असतो असं नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021 ते 2026) पैशात 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला अबंधित, पण त्यावर गटार, पथदिवे, अंगणवाडी सगळे टपून. ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, आणि तिची थकबाकी सगळ्यांना माहीत आहे.

मार्ग एकच दिसतो. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले त्यांच्याकडं तेंदू-बांबूचा पैसा येतो. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार मिळाला. असा पैसा ग्रामसभेच्या हातात असतो आणि ती स्वतः ठरवू शकते. लाखांदूरला मात्र ते लागू करणं अवघड.

धारणीवरून

मेळघाटातून लिहितो. मी कोरकू. आमच्या गदली-सुसून नाचाला तिकीट लावायची कल्पनाच कुणाला सुचणार नाही. सगळं गाव नाचतं, बघायला उरतं कोण?

पैसा यावा, पण कसा येतो ते बघा. पाहुणे आले की फोन येतो, वीस जण पाठवा, सगळ्यांचे कपडे सारखे हवेत. गाडीत बसवून नेतात, उन्हात थांबवतात, दहा मिनिटं नाचवतात, मधेच सूत्रसंचालक थांबवतो कारण भाषणाची वेळ झाली. परत येताना पाकीट. हाही कलेवरचा खर्च म्हणूनच लिहिला जात असेल. आमच्या पोरांना यातून हेच कळतं, की आपला नाच दुसऱ्याला दाखवायचा असतो. मास्तर, तुमच्या ठरावात एक ओळ घाला: पैसे घेतले म्हणून गावाबाहेर जाऊन सादर करायची सक्ती नाही.

गोसेखुर्दचा बाधित (पवनी)

धरणात आमचं गाव गेलं. पुनर्वसनात रस्ता आला, नळ आला, समाजमंदिरही आलं. दंडारीचा चमू मात्र तुटला, कारण ढोलकीवाला एका गावठाणात आणि झिलकरी (मागून सूर धरणारा) दुसऱ्यात. नुकसानीच्या यादीत घर, झाड, विहीर होतं. मंडईला रकाना नव्हता. वर्गणी करा म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, ज्या गोष्टी सरकारच्या कामामुळे मोडल्या त्या तरी सरकारनं उभ्या कराव्या की नाही?

कोरडवाहू

या भावाचं म्हणणं मले पटलं. ते भरपाईचं आहे, हक्काचं आहे, मिळालंच पाहिजे. बाईंचंही पटलं. पण बाई मागतात तो आडोसा, संडास, विमा, म्हातारपणाची सोय. हे शेतमजुरालाही पाहिजे. कलावंत म्हणून वेगळं काहून? सगळ्या असंघटित मजुरांसाठी मागा, मी तुमच्यासोबत तहसीलवर येतो.

बिनतिकिटाची

या भाऊ, जरूर या. पण मजूर म्हणून मागायला गेलं की विचारतात, मालक कोण, कामाचे दिवस किती, दाखला कुठं. कंपनी दरवर्षी बदलते, तालमीचे दिवस कुणी कामात धरत नाही. म्हणून कलावंत म्हणून वेगळी नोंद हवी. मी जास्तीचं मागत नाही, माझं नाव कुठल्यातरी यादीत असावं म्हणते.

पडदा_वडसा

आडोशाचं आणि प्रवासाचं मी मान्य करतो. हंगामापुरता विमा सरकारनं काढला तर मी स्वतः माझ्या माणसांची यादी देईन. नाटकात काय दाखवायचं याला मात्र कुणी हात लावायचा नाही. तेवढ्या अटीवर माझा विरोध मागं.

दंडारीच्या बाबतीत अजून शंका आहे. पैसा मिळतो म्हणून नाचणारी पोरं, पैसा थांबला की थांबतील.

धानपट्टीचा मास्तर

दादा, तुमची शंका खरी ठरू शकते. म्हणून मी नाचणाऱ्याला पैसे मागत नाही, शिकवणाऱ्याला मागतो. आमच्या गावात खडी गंमतीचे वग तोंडपाठ असलेले दोनच म्हातारे उरलेत. पोरं पुढं नाचतील की नाही ते पोरांवर सोडू. पण म्हातारे गेल्यावर त्यांना ठरवायलाही काही उरणार नाही, आणि तेव्हा प्रेक्षक जमले तरी उपयोग नाही. तुमचं नाटक एक हंगाम बुडालं तर पुढच्या वर्षी परत उभं राहतं, संहिता कागदावर असते. दंडार कागदावर नाही. बाजारावर सोडा म्हणणं इथं मला मान्य नाही ते यामुळेच.

सगळ्यांचं ऐकून ठराव असा लिहितो आहे. एक, गावातल्या जाणत्या कलावंताला चार महिने शिकवण्याचं मानधन, जागा शाळेची, वेळ संध्याकाळची. दोन, बांधकामावर एक रुपयाही नाही. तीन, काय सादर करायचं ते चमू ठरवेल आणि बाहेर जाण्याची सक्ती नाही. चार, जन्मभर कला केलेल्या माणसाचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव धरावा, अशी मागणी जिल्ह्याकडं. बाईंच्या मामांसाठी ही चौथी ओळ.

हिशेबनीस

चौथी सगळ्यात कामाची, आणि तिला पैसा लागत नाही. तिच्यासाठी वेगळा ठराव करा, एकात सगळं घालू नका. मानधनावर आक्षेप आला तर ती पण अडकेल. शिकवण्याच्या मानधनासाठी हजेरीपट ठेवा, पोरांच्या सह्या आणि मुख्याध्यापकाचा दाखला. लेखापरीक्षकाला दाखवायला कागद हातात असेल तर ग्रामसेवक सही करायला घाबरणार नाही. आणि विषय सभेच्या नोटिशीत आधी छापून घ्या, आयत्या वेळी मांडला तर कुणीही उडवून लावेल.

कोरडवाहू

मास्तर, मी तुमच्या सभेत असतो तर पुरावावाल्या ठरावाला हात वर केला असता आणि मानधनाला विरोध केला असता. आमच्या शाळेला गणिताचा मास्तर येईपर्यंत माझं मत तेच राहील. पण सभेत काय झालं ते इथं लिहा. आमच्या गावातही ढोलकी वाजवणारा एकच म्हातारा आहे, त्याचं नाव मानधनाच्या यादीत नाही. तो पुराव्याचा ठराव पास झाला तर त्याची नक्कल मले पाठवा.