जुनी स्टँड-अप जेट स्की घेतलीय, कमी पैशात आधी काय बदलू?

खारा_वारा:
नमस्कार मंडळी, इथले धागे बरेच दिवस वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. एक वापरलेली यामाहा सुपरजेट घेतली, ७०१ सीसी टू-स्ट्रोक, दोन कार्ब (कार्ब्युरेटर). आधीच्या मालकाने काही बदललेलं दिसत नाही, म्हणजे एक्झॉस्ट पाइप, सिलिंडर हेड, इम्पेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) सगळं कंपनीचंच आहे. इंजिन पहिल्या-दुसऱ्या दाबात सुरू होतं आणि आवाजही स्वच्छ आहे, पण थांबलेल्या स्थितीतून एकदम थ्रॉटल दिला की इंजिन नुसतं ओरडतं, स्की जागच्या जागी घुसळत राहते आणि मग अचानक पकडते. पाणी जरा उसळतं असेल तर हे प्रत्येक लाटेला होतं. ट्रेमधली (उभं राहायच्या जागेतली) मॅट फाटलीय, पाय घसरतात, आणि माझं वजन नव्वदीच्या आसपास असल्यामुळे हळू चालवताना मागची बाजू पाण्यात बसते.

विकणारा म्हणाला की चांगला एक्झॉस्ट पाइप टाका, सगळा फरक तिथेच आहे. दुसऱ्या एकाने हेड घासून कॉम्प्रेशन वाढव म्हणून सांगितलं. माझ्याकडे स्कीच्या किमतीच्या साधारण पाव भाग पैसे आहेत, त्यात सगळं बसवायचंय. पाना-पक्कड हातात धरता येते, कार्ब मात्र अजून उघडलेला नाही. शांत पाण्यात वळणं आणि कधीमधी छोट्या लाटा एवढंच करायचंय, शर्यत वगैरे नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_टूस्ट्रोक:
अभिनंदन, चांगली स्की घेतलीत. या ७०१ इंजिनचा बोअर ८१ आणि स्ट्रोक ६८ मिमी, साधं आणि दणकट काम आहे, त्यामुळे पैसे वाया जाणार नाहीत, फक्त क्रम चुकवू नका. पाइप आणि हेड दोन्ही आत्ता डोक्यातून काढा. आधी इंजिन निरोगी आहे का ते बघा, कारण आजारी इंजिनाला ताकद दिली की ते लवकर मरतं.

कॉम्प्रेशन गेज मागून आणा. दोन्ही प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाला टेकवून नीट अर्थिंग द्या, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर मारा. थ्रॉटल अर्धवट ठेवून घेतलेला आकडा खोटा येतो, त्यावर विश्वास ठेवू नका. कंपनीचं हेड असेल तर दीडशे पीएसआयच्या आसपास यायला हवं, पण गेजा-गेजात फरक असतो म्हणून त्या आकड्यापेक्षा दोन्ही सिलिंडर सारखे आहेत का हे जास्त महत्त्वाचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला तर सगळं बजेट पिस्टन-रिंगांकडे वळवा, दुसरं काही घेऊ नका.

मग इंधन. इतक्या वर्षांच्या स्कीमधल्या डायफ्रॅमवाल्या कार्बचे पडदे ताठरलेले असतात, बोटात धरून वाकवलं की कागदासारखे उभे राहतात, नवा पडदा मऊ लोंबतो. इथॅनॉलवाल्या पेट्रोलने हे अजून लवकर होतं. रिबिल्ड किट मिकुनीचंच (कार्ब बनवणारी कंपनी) घ्या, स्वस्त किटमधला नीडल-सीट नीट बसत नाही आणि पॉप-ऑफ प्रेशर (ज्या दाबाला नीडल उघडतो तो) भलतंच येतं. त्याच वेळी सगळे फ्युएल पाइप, फिल्टर आणि रिझर्व्हचा तो गोल नॉब, म्हणजे फ्युएल सिलेक्टर, बघून घ्या. त्याच्या आतली ओ-रिंग सुकली की पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही आणि इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं. टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलबरोबरच मिळतं, पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी आणि वर उष्णता जास्त, मग पिस्टन सिलिंडरला धरतो. सुपरजेटला ऑइल इंजेक्शन नसतं, तेल आपणच मिसळायचं, तेव्हा टाकीत आधीच्या मालकाने काय मिसळलंय याचा भरवसा न धरता ते काढून टाका आणि ताजं मिश्रण भरा.

जमलं तर क्रँककेसची प्रेशर टेस्ट पण करून घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायचे, सात-आठ पीएसआय हवा भरायची आणि काटा काही मिनिटं हलतोय का बघायचं. हलला तर साबणाचं पाणी लावून गळती शोधा. क्रँकच्या टोकाचे सील गेले असतील तर कार्ब कितीही ट्यून करा, जमणार नाही.

पंपवाली:
दादांनी सांगितलेलं सगळं बरोबर, पण तुम्ही जे वर्णन केलंय ना, इंजिन ओरडतं आणि स्की सरकत नाही, मग अचानक पकडते, तो शंभर टक्के पंपाचा प्रश्न वाटतोय. इंजिनाची ताकद तुमच्याकडे आत्ताच पुरेशी आहे, ती पाण्यापर्यंत पोचत नाहीये. इम्पेलरच्या पात्याभोवती हवा आणि फेस झाला की ते रिकामंच फिरतं, स्कीवाले याला कॅव्हिटेशन म्हणतात (नेमकं बोलायचं तर व्हेंटिलेशन), आणि यात पाइप टाकून आरपीएम वाढवला तर ते कमी न होता वाढेल.

स्की एका कुशीवर ठेवा (एक्झॉस्टची बाजू खाली राहू द्या, नाहीतर वॉटरबॉक्समधलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये जाऊ शकतं), बॅटरी काढा, ग्रेट (पाणी आत येतं तिथली जाळी) आणि राइड प्लेट (पंपाखालची प्लेट) सोडा. आता इम्पेलरच्या पात्याचं टोक आणि बाहेरची भिंत यात फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. पातं हळूहळू फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण झीज कधीच सगळीकडे सारखी नसते. ०.३ मिमीच्या आसपास असेल तर पंप छान आहे. ०.६ च्या पुढे गेला असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं, हाउसिंग (इम्पेलरभोवतीचं कवच) किंवा त्याच्या आतली वेअर रिंग बदला. नखाने भिंतीवर हात फिरवा, वाळू-खडे ओढले गेले असतील तर गोल गोल चरे लागतात. पात्याच्या पुढच्या कडेला टवके असतील तर गोल कानस घेऊन कड सरळ करा, पण पात्याची जाडी आणि वळण बदलू नका. इम्पेलर वाकलेला असेल तर री-पिच (पात्यांचा कोन पुन्हा बसवून) करून देणारे असतात, नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे सीलिंग. पंप जिथे हलला (स्कीच्या सांगाड्याला) बसतो तिथल्या फटीतून हवा ओढली जाते. जुनं सिलिकॉन खरवडून, पुसून, कोरडं करून मरीन सिलंट भरा आणि रात्रभर वाळू द्या. एका ट्यूबचा खर्च, पण थांबून उठण्यात जो फरक पडतो तो मी बऱ्याच जणांना प्रत्यक्ष दाखवलाय.

त्यानंतर इनटेक ग्रेट. कंपनीचा ग्रेट शांत पाण्यासाठी ठीक आहे, उसळत्या पाण्यात स्की उचलली गेली की तो पाणी सोडतो. स्कूपवाला टॉप-लोडर ग्रेट पाणी ओढून पंपात घालतो. वापरलेला सहज मिळतो, वाकलेला नसला म्हणजे झालं. माझं मत विचाराल तर पाव बजेटमधली पहिली खरी खरेदी हीच.

आणि मिडशाफ्टच्या बेअरिंगला ग्रीस निपल असतो, हल उघडलाच आहे तर ग्रीस मारून घ्या, आणि कपलरचा रबर डॅम्पर चुरा झालाय का तेही बघा.

लाटेवर_स्वार:
मी थोडा वेगळा बोलणार. पंप नीट करा हे मान्य, पण पाइपला एकदम कचऱ्यात टाकू नका. या इंजिनावर एकाच वस्तूने सगळ्यात जास्त फरक पडतो ती म्हणजे पाइप, 'फॅक्टरी पाइप' नावाच्या कंपनीचा बी-पाइप चांगल्या अवस्थेत वापरलेला मिळाला तर तो नंतर जवळपास त्याच किमतीला विकलाही जातो, म्हणजे पैसे अडकतात पण बुडत नाहीत. खालची ताकद आणि वरची ताकद दोन्ही मिळते, नव्वद किलोच्या माणसाला खालची ताकद लागतेच.

जुना_टूस्ट्रोक:
@लाटेवर_स्वार पाइप वाईट आहे असं मी म्हणत नाही, नंबर उशिरा आहे एवढंच. पाइप लावला की कार्बचे जेट बदलावे लागतात, बी-पाइपला पाण्याचे स्क्रू असतात ते जुळवावे लागतात, कमी पाणी दिलं तर पाइप आणि रबर तापतात, जास्त दिलं तर दम जातो. ज्याने कार्ब अजून उघडलेलाच नाही त्याने एकाच वेळी कार्ब, पाइप आणि पंप बदलला तर नंतर बिघाड कुठे आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. एक वस्तू बदला, चालवा, प्लग काढून रंग बघा, मग पुढची.

हेडचं म्हणाल तर कमी खर्चात ते खरंच चांगलं काम आहे, कंपनीचं हेड मशीनवर थोडं घासून घेतलं की थ्रॉटलला जीव येतो. पण साध्या पेट्रोलवर गेजवर १८० पीएसआयच्या आसपास थांबा. त्याच्या वर गेलात तर डिटोनेशन सुरू होतं, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण सलग न जळता एकदम स्फोटासारखं पेटतं आणि पिस्टनची कड खाल्ली जाते. आवाज पाण्यात ऐकू येत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. घासून देणाऱ्याला स्क्विश गॅप (पिस्टन पूर्ण वर आला की त्याची कड आणि हेड यात उरणारी फट) मोजायला सांगा, नुसतं "एवढे मिमी काढ" असं सांगू नका.

आणि फ्लेम अरेस्टर (कार्बवरची ज्वाला अडवणारी जाळी) काढून उघड्या कार्बवर कुणी चालवायला सांगितलं तर त्याचं ऐकू नका. हलच्या आत पेट्रोलची वाफ साचते, बॅकफायरची एक ठिणगी पुरेशी आहे. सुरू करण्याआधी हुड उघडून दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची सवय लावा.

मॅट_आणि_मीटर:
सगळे इंजिन-पंपावरच बोलताहेत म्हणून लिहितो, पाय घसरतात ही किरकोळ गोष्ट नाही. स्टँड-अपमध्ये वळण पायाने घेतलं जातं, हँडल फक्त दिशा दाखवतं. पाय घट्ट नसले की माणूस हँडलपोलला लोंबकळतो, हात भरून येतात, आणि सगळ्यांना वाटतं की ताकद कमी पडतेय. नवी मॅट टाका, तयार कापलेलं किट महाग वाटलं तर शीट घेऊन जुन्या मॅटचाच साचा करून कापा. जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे, थिनर आणि खरवडणी, याला खरंच एक अख्खा दिवस द्या, कारण नवी मॅट उचकटते ती याच कामात घाई केल्यामुळे.

उडी मारायची नसेल तर फूटहोल्ड आत्ता नकोत. पुढे बसवाल तेव्हा पॉलिएस्टर रेझिन वापरू नका, या हलच्या एसएमसीला (साच्यात दाबून केलेलं फायबर) ते धड चिकटत नाही, खरखरीत घासून इपॉक्सीनेच बसवा.

हँडलबार स्वस्तात बदलतो. वाकवलेल्या कंपनीच्या बारऐवजी सरळ आणि थोडा अरुंद बार घेतला की वळताना बार गुडघ्याला लागत नाही. थ्रॉटल लिव्हर एका बोटाचा घ्या, बाकीची बोटं पकडीला मोकळी राहतात.

अजून एक, मागची बाजू पाण्यात बसते म्हणालात. ते तुमच्या वजनाने असेलही, पण आधी स्की तोला. ही रिकामी १३०-१३५ किलोच्या आसपास असायला हवी. टाकी रिकामी करून, आतलं पाणी काढून तोलली तरी वीस-पंचवीस किलो जास्त भरली, तर हलमधल्या फोमने पाणी प्यायलंय. तसं असेल तर त्या फोमवर खर्च करा, इंजिनातून कितीही घोडे काढलेत तरी ते आधी हे पाणीच ओढणार.

खारा_वारा:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सांगितल्याप्रमाणे केलं. कॉम्प्रेशन दोन्हीकडे जवळपास सारखं, १५० च्या जरासं खाली. वजन ठीक निघालं, तोलकाट्यावर १३८. पण ताईंनी सांगितलेलं फीलर गेज घातलं तर एका बाजूला ०.८ जातंय आणि समोरच्या बाजूला ०.५, भिंतीवर चरेही आहेत. पंपाच्या कडेचं सिलिकॉन हाताने ओढलं तर पट्टीसारखं निघून आलं. सिलेक्टरची ओ-रिंग काळी कडक झालीय, फिरवली की तडा दिसतो.

आता प्रश्न असा की हाउसिंग, कार्ब किट आणि मॅट घेतल्यावर ग्रेटपुरतेच पैसे उरतील. जवळच एक बंद पडलेली बसून चालवायची यामाहा विकायला आहे, फार स्वस्त. तिच्यातलं काही माझ्या कामाला येईल का?

जुना_टूस्ट्रोक:
मॉडेल कोणतं ते बघा. एक्सएल७०० किंवा वेव्हरेडर ७०० असेल तर इंजिन तुमच्याच कुटुंबातलं ७०१ आहे, कार्ब, सिलिंडर, स्टार्टर, फ्लायव्हील हे सगळं सुटे भाग म्हणून उपयोगी. ७६० वाली असेल तर तिचा बोअर ८४ मिमी, म्हणजे प्रत्यक्षात ७५४ सीसी, आणि बरेच लोक तेच इंजिन सुपरजेटमध्ये बसवतात, पण ते पुढचं काम, मॅनिफोल्ड आणि इलेक्ट्रिकल जुळवावं लागतं. घेण्याआधी प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरतंय का बघा, अडकलेलं असेल तर क्रँक गंजलेला धरूनच भाव करा. पंप मात्र तिचा तुमच्या स्कीला जसाच्या तसा बसेल असं धरून चालू नका, हाउसिंग वेगळंच घ्या.

पंपवाली:
०.८ म्हणजे तुमचं बरंच पाणी पात्याला वळसा घालून जातंय, त्यामुळे डोनर (सुट्या भागांसाठीची स्की) नंतर, हाउसिंग आधी. इम्पेलर काढताना पंपाचा शाफ्ट लॉक करून काढा, आटे पाण्यात बसून घट्ट झालेले असतात, हळू गरम करा, हातोडा मारू नका. परत बसवताना आट्यांना मरीन ग्रीस. आणि सगळं झाल्यावर बागेच्या नळीने फ्लश करताना आधी इंजिन सुरू करायचं मग पाणी सोडायचं, आणि बंद करताना आधी पाणी बंद करायचं मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. पाण्याशिवाय पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका.

खारा_वारा:
ठरलं, हाउसिंग आणि मिकुनीचं किट आज ऑर्डर करतो, मॅट पुढच्या महिन्यात. ती बसायची स्की वेव्हरेडर ७०० आहे, रविवारी प्लग पाना घेऊन जातो आणि फ्लायव्हील फिरलं की नाही ते इथेच कळवतो.