जन्मतः अंगठा नसलेली मुले आणि शस्त्रक्रिया : अनुभव

जन्मतः अंगठा नसलेल्या किंवा अपुऱ्या वाढलेल्या मुलांच्या पालकांना डॉक्टर शस्त्रक्रिया समजावून सांगतात. मात्र होकार देताना मन नेमके कशावर अडते आणि प्लास्टर निघाल्यावर घरात काय चालते, हे त्यातून गेलेली माणसेच सांगू शकतात. अशा सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

एक आई

माझ्या मुलीचा अंगठा कातडीच्या बारीक देठाने हाताला लोंबकळत होता. त्याला इवलेसे नख होते, आणि त्या नखामुळेच तो काढून टाकून तर्जनीचा अंगठा करायचा हे मनाला पटेना. आहे ते बोट वाढवता येणार नाही का, हे आम्ही निरनिराळ्या सर्जनांना विचारले. अंगठ्याला पंजाशी जोडणारा बुडाचा सांधाच तयार झालेला नसल्याने तो कधीही जोर पेलू शकणार नाही, असे सर्वांनी सांगितले. तर्जनीच्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू शाबूत ठेवून तिचे तळव्यातील हाड आखूड करतात आणि ती फिरवून अंगठ्याच्या जागी बसवतात; त्यामुळे स्पर्शाची जाणीव टिकते. आज रूढ असलेली पद्धत मुख्यतः जर्मन सर्जन डीटर बुक-ग्रामको यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या तंत्रावर आधारलेली आहे. मला मात्र या माहितीपेक्षा मुलीच्या हातानेच अधिक पटवले. ती खेळणे तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरत असे, आणि तर्जनी आपोआप थोडी आतल्या बाजूला वळू लागली होती. तिने आपला अंगठा आधीच निवडला होता, आम्हीच मागे होतो.

एक वडील

हाताच्या तपासणीसाठी गेलो असता हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि मणक्याचा एक्स-रे लिहून दिला, तेव्हा मला ते अनाठायी वाटले. गर्भात हात आकार घेतो त्याच आठवड्यांत हे अवयवही घडत असतात, त्यामुळे अंगठ्याबरोबर त्यांच्यातही दोष असू शकतो, हे नंतर समजले. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक रक्तविकारासाठीची गुणसूत्रांची रक्तचाचणीही करून घ्यावी, असे मी आवर्जून सांगेन. या आजारात लहानपणी रक्ताचे आकडे अगदी व्यवस्थित असू शकतात आणि मूल ठणठणीत दिसते.

शस्त्रक्रिया झालेली एक प्रौढ व्यक्ती

माझ्या मनगटातही दोष होता. अंगठ्याकडील बाजूचे हाड आखूड असल्याने तर्जनी मुळातच ताठर होती, आणि अशा बोटाचा अंगठा केला तर तो ताठरच राहतो. ज्यांचे मनगट आणि बोटे चांगली आहेत त्यांना मिळते तेवढी पकड मला मिळाली नाही. घट्ट झाकण फिरवताना मी दुसरा हात वापरतो. लेखणी, बटणे आणि किल्ली यांचे अडत नाही. लोक बोटे मोजतात खरी, पण चारच आहेत हे लक्षात यायला त्यांना बराच वेळ लागतो.

हँड थेरपिस्ट

प्लास्टर निघाल्यावर मूल नवा अंगठा वापरतच नाही, ही पालकांची सर्वांत मोठी तक्रार असते. सुरुवातीला ते जुन्या सवयीने मधल्या बोटांकडे वळते, यात काहीही वावगे नाही. व्रणाला मालिश करावी, रात्री स्प्लिंट (अंगठा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) लावावा, आणि आधी मोठे चेंडू, मग ठोकळे, शेवटी मणी असा खेळ ठेवावा. सारखे बजावत राहिल्यास मूल हात पाठीमागे लपवू लागते.

आणखी एक आई

आमच्या मुलाचा अंगठा लहान पण बुडाशी स्थिर होता, त्यामुळे तर्जनी हलवावी लागली नाही. अंगठा आणि तर्जनीमधील आखडलेली त्वचा मोकळी केली, सैल सांधा घट्ट केला आणि अनामिकेचा एक स्नायुबंध अंगठ्याकडे वळवला. कोणती शस्त्रक्रिया योग्य, हे अंगठ्याच्या आकारापेक्षा बुडाच्या सांध्यावर ठरते. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना त्या सांध्याविषयी विचारावे.