मदत हवी आहे: चांगले शेंगदाणे पण माझ्या सेन्सरला विषारी वाटतायत

मंडळी, इथे केमिस्ट्रीवाले कोणी आहे का? एमएस्सीचा प्रोजेक्ट अडकलाय. शेंगदाण्याला बुरशी लागली की जे ॲफ्लाटॉक्सिन बी१ हे विष होतं ना, ते फ्लुरोसन्सने (यूव्ही पडल्यावर पदार्थ किती चमकतो त्यावरून) पकडायचंय. त्यासाठी यूआयओ-६६-एनएच२ नावाचा एमओएफ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी, हाच माझा सेन्सर) बनवला, झिरकोनियम क्लोराईड आणि अमिनोटेरेफ्थॅलिक ॲसिड डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये, ऑटोक्लेव्हला १२० डिग्री, २४ तास. फिकट पिवळी पावडर आली, एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिकाची रचना तपासणं) जुळला, यूव्ही दिव्याखाली मस्त निळी दिसते, इथपर्यंत मी खुश.

आता घोळ असा की बी१ चं स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणाचं द्रावण) टाकलं की चमक कमी होते, हवं तेच, पण घरचे चांगले दाणे, जे मी स्वतः येता-जाता खाते, ते कुटून मिथेनॉल-पाण्यात हलवून गाळून टाकले तरी तेवढीच कमी होते! म्हणजे आमच्या घरची दाण्याची चटणी विषारी म्हणायची. वर काहीच न टाकता क्युव्हेट (नमुना ठेवून मोजायची छोटी पारदर्शक डबी) नुसती ठेवली तरी दहा मिनिटांत रीडिंग घसरतं आणि हलवली की परत चढतं. सर म्हणतात क्वेंचिंग (बी१ मुळे एमओएफची चमक विझणं) आहे, लिहून टाक. मला पटत नाहीये. युरोपात थेट खायच्या दाण्यांत बी१ किलोमागे २ मायक्रोग्रॅमच्या वर चालत नाही, एवढ्याशा आकड्यापुढे हा सेन्सर काय टिकणार? एक्सायटेशन (नमुन्यावर पाडायचा उजेड) ३६५ नॅनोमीटरला आहे.

प्रतिसाद:
ताई, हलवल्यावर चढतं म्हणजे पावडर तळाला बसतेय, सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी पावडर नीट पसरवा) आणि स्टरर चालू ठेवून मोजा. मग सेंट्रीफ्यूज करून नुसतं वरचं पाणी मोजायला लावा, ते पण चमकलं तर धुणं कमी पडलंय, मोकळा लिंकर (म्हणजे ते अमिनोटेरेफ्थॅलिक ॲसिड) स्वतःच निळा चमकतो. आणि दाण्याच्या अर्काचा यूव्ही स्पेक्ट्रम (कुठला उजेड किती शोषतो ते) घेतला का? तो ३६५ ला उजेड खात असेल तर एमओएफपर्यंत पोचतोच कमी, त्याला क्वेंचिंग नाही, इनर फिल्टर म्हणतात. बी१ पण ३६० च्या आसपासच शोषतं, त्यामुळे तुमचं स्टँडर्डचं घसरणं सुद्धा तेच असू शकतं, सरांना हे सांगा. चांगल्या दाण्यांचा अर्कच ब्लँक (शून्याचा नमुना) धरा आणि त्यातच स्टँडर्ड घालून कर्व्ह (किती बी१ ला किती चमक, तो आलेख) काढा.

धागाकर्ती:
वरचं पाणी लावलं. चमकतंय. तीनदा धुतलं होतं हो डीएमएफने! आज रात्रभर मिथेनॉलमध्ये ठेवते, उद्या परत लावते.